जुन्या प्रतींची साक्ष

वार्षिक परीक्षा आटोपली की घरोघरी एक काम निघते. वर्षभर वापरलेली पुस्तके कोणाला द्यावयाची, कोणती माळ्यावर टाकावयाची आणि कोणती रद्दीत घालावयाची, याचा निकाल लावावा लागतो. रद्दीवाला पुस्तके तराजूत टाकून मोजतो. कालचे वर्तमानपत्र आणि शंभर वर्षांपूर्वीचे भूमितीचे पुस्तक यांत त्याच्या लेखी फरक असलाच तर तो वजनाचा!

आता उलट टोकाचे एक उदाहरण पाहा. २००८ साली न्यूयॉर्क येथील एका लिलावात कोपर्निकसच्या ग्रंथाची १५४३ साली छापलेली एक प्रत विकली गेली. तिला बावीस लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. गंमत अशी, की या ग्रंथातील मजकूर मुळीच दुर्मिळ नाही. त्याची भाषांतरे झाली आहेत, स्वस्त आवृत्त्या निघाल्या आहेत आणि संगणकावर तर तो फुकट वाचावयास मिळतो. शिवाय त्यातील पुष्कळसे गणित आता कालबाह्य झाले आहे. मग अशा जुन्या प्रती जपून ठेवाव्यात असे त्यांत असते तरी काय? हा केवळ श्रीमंतांचा छंद आहे काय?

विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्या. पुस्तकातील मजकूर वेगळा आणि पुस्तकाची प्रत वेगळी. मजकूर पुन्हा छापता येतो. पण एखादी प्रत कोणाच्या हाती होती, त्याने तीत कोठे खुणा केल्या, कोठे शंका काढली, कोणते पान वाचून वाचून मळले, हे सारे त्या एकाच प्रतीत असते. ती प्रत गेली की तिची साक्षही गेली.

जुने ते सारे दुर्मिळ नव्हे

पुस्तक जुने आहे एवढ्यावरून ते दुर्मिळ ठरत नाही. मुळात प्रती किती छापल्या, त्यांतल्या किती टिकल्या आणि त्या पाहण्याची गरज किती जणांना भासते, या तीन गोष्टींवर ते ठरते.

यातील दुसरी गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. जाडजूड, चामडी बांधणीचा, महागडा ग्रंथ सहसा कोणी फेकून देत नाही. तो कपाटात बसून राहतो आणि शतके काढतो. याउलट शाळेचे अंकगणित, यंत्र दुरुस्तीची पुस्तिका, लॉगॅरिथमची कोष्टके, कारखान्याची किंमतपत्रिका ही हजारोंनी छापली जातात, रोज हाताळली जातात, फाटतात आणि शेवटी चुलीत किंवा रद्दीत जातात. त्यामुळे पन्नास वर्षांनी पाहावे तर महाग ग्रंथ सापडतो, स्वस्त पुस्तिका मात्र सापडत नाही!

तिसरी गोष्ट आधी ओळखता येत नाही. जी. एस. कार नावाच्या एका इंग्रज शिकवणी मास्तरांनी १८८० ते १८८६ या काळात गणिताच्या प्रमेयांचे एक जंत्रीवजा पुस्तक प्रसिद्ध केले. परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी ते होते. त्यात सिद्धता जवळजवळ नव्हत्याच, नुसती एकापाठोपाठ एक हजारो सूत्रे. विद्वानांच्या दृष्टीने असल्या पुस्तकाला फारसे महत्त्व नव्हते. १९०३ च्या सुमारास कुंभकोणम येथील एका शाळकरी मुलाच्या हाती ग्रंथालयातून आणलेली त्याची प्रत पडली. सिद्धता दिलेल्या नाहीत तर आपणच शोधून काढू, असे म्हणत त्या मुलाने सूत्रांमागून सूत्रे सोडविली. तो मुलगा म्हणजे श्रीनिवास रामानुजन. रामानुजनांची विचार करण्याची आणि लिहिण्याची पद्धत कशी घडली हे ज्यांना समजून घ्यावयाचे असते, त्यांना आज कार मास्तरांचे ते पुस्तक उघडावेच लागते.

‘कोणीही न वाचलेला’ ग्रंथ

पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगणारा कोपर्निकसचा ‘डी रिव्होल्युशनिबस’ हा लॅटिन ग्रंथ १५४३ साली जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे पेट्रेयस याच्या छापखान्यात छापला गेला. त्याच्या ४०० ते ५०० प्रती निघाल्या असाव्यात असा अंदाज आहे. दुसरी आवृत्ती १५६६ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे निघाली. ग्रंथ गणिताने गच्च भरलेला आणि वाचावयास अवघड. १९५९ साली आर्थर कोस्लर या प्रसिद्ध लेखकाने तर असे मत मांडले, की हा ग्रंथ त्या काळी कोणी वाचलाच नाही!

हे खरे की खोटे, हे ठरवावयाचे कसे? चारशे वर्षांपूर्वीच्या वाचकांना जाऊन विचारता येत नाही. पण त्यांच्या प्रतींना विचारता येते.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे खगोलशास्त्रज्ञ ओवेन गिंगरिच हे १९७० साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील रॉयल वेधशाळेत गेले होते. तेथील ग्रंथसंग्रह लॉर्ड क्रॉफर्ड यांनी १८८८ साली देशाला दिलेला. या सरदाराने खगोलशास्त्रावरील जुने ग्रंथ हौसेने आणि चोखंदळपणे जमविले होते. गिंगरिच यांनी कपाटातून कोपर्निकसच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती काढली आणि पाने उलटू लागताच ते थक्क झाले. समासांत बारीक अक्षरांत टिपाच टिपा! कोणीतरी हा ग्रंथ अगदी शेवटपर्यंत, आकडेमोड तपासत वाचला होता. बांधणीवर उठविलेली आद्याक्षरे आणि हस्ताक्षर यांवरून तो वाचक ओळखता आला. तो होता विटेनबर्ग विद्यापीठातील गणिताचा प्राध्यापक इरॅस्मस राइनहोल्ड. कोपर्निकसच्या पद्धतीवर आधारलेली ग्रहांची कोष्टके याच राइनहोल्डने १५५१ साली प्रसिद्ध केली होती.

एक वाचक तर सापडला. पण बाकीचे? गिंगरिच यांनी ठरविले, की जगात या ग्रंथाच्या पहिल्या दोन आवृत्त्यांच्या जेवढ्या प्रती उरल्या असतील तेवढ्या पाहावयाच्या. हे काम तीस वर्षे चालले. युरोप, अमेरिका आणि इतरत्र हिंडून त्यांनी सुमारे ६०० प्रतींची नोंद केली आणि २००२ साली ती यादी प्रसिद्ध केली.

या प्रतींनी काय सांगितले? पहिली गोष्ट, ग्रंथ भरपूर वाचला गेला होता. केप्लरची प्रत सापडली, केप्लरचे गुरू मायकेल मेस्टलिन यांची प्रत सापडली, गॅलिलिओची सापडली. दुसरी गोष्ट, काही प्रतींतील टिपा एकमेकींशी जुळत होत्या. गुरूच्या प्रतीतील टिपा शिष्य आपल्या प्रतीत उतरवून घेत आणि त्या घेऊन दुसऱ्या गावी जात. तुम्ही मित्राच्या वहीतून टिपणे उतरवून घेता ना, अगदी तसेच! त्यामुळे कोपर्निकसचा विचार कोणाकडून कोणाकडे गेला, याचा माग या समासांतल्या टिपांवरून काढता आला. तिसरी गोष्ट, राइनहोल्डसारख्यांच्या टिपा ग्रंथाच्या गणिती भागात दाट आहेत. पृथ्वी फिरते या मूळ कल्पनेपाशी मात्र त्या विरळ आहेत. म्हणजे त्या काळच्या अनेक पंडितांना कोपर्निकसचे गणित उपयोगी वाटले, पण त्याच्या विश्वाच्या चित्राकडे त्यांनी काणाडोळा केला. इतकी नेमकी माहिती कोणत्याही पुनर्मुद्रणातून मिळाली नसती.

आणखी एक गोष्ट पाहा. १६१६ साली रोमच्या धर्मपीठाने हा ग्रंथ दुरुस्ती होईपर्यंत वाचण्यास मनाई केली आणि १६२० साली कोणती वाक्ये खोडावयाची याची यादी काढली. या हुकमाची अंमलबजावणी खरोखर किती झाली? प्रतीच सांगतात. इटलीतील निम्म्याहून अधिक प्रतींत ती वाक्ये खोडलेली आढळली. इटलीबाहेरच्या प्रतींत मात्र जवळजवळ कोणी शाई लावलेली नव्हती. गॅलिलिओच्या प्रतीत खाडाखोड आहे, पण ती इतकी हलक्या हाताने केलेली, की खालचा मजकूर सहज वाचता येतो!

समजा, प्रत्येक ग्रंथालयाने एक चांगली, कोरी प्रत ठेवून ‘खराब केलेल्या’ प्रती काढून टाकल्या असत्या, तर? सारा पुरावाच गेला असता.

खाणींचा ग्रंथ आणि दोन संग्राहक

आता अभियांत्रिकीकडे वळू. सोळाव्या शतकात जर्मनीतील सॅक्सनीच्या खाणींच्या प्रदेशात गेऑर्ग अ‍ॅग्रिकोला नावाचा वैद्य राहत असे. खाणी कशा खोदतात, पाणी कसे उपसतात, धातुक कसे वितळवितात, हे सारे त्याने वर्षानुवर्षे स्वतः पाहून ‘डी रे मेटॅलिका’ या ग्रंथात लिहिले. १५५५ साली तो वारला आणि १५५६ साली त्याचा ग्रंथ बाझल येथे बाहेर पडला. पाणचक्क्या, रहाट, भाते, भट्ट्या यांची लाकडी ठशांवरून छापलेली शेकडो चित्रे त्यात आहेत.

पण एक अडचण होती. ग्रंथ लॅटिनमध्ये होता. प्राचीन रोमन लोकांना सोळाव्या शतकातील यंत्रे आणि कृती ठाऊक नव्हत्या, तेव्हा त्यांची नावेही लॅटिनमध्ये नव्हती. अ‍ॅग्रिकोलाने ती स्वतः बनविली. त्यामुळे पुढे नुसते लॅटिन जाणणाऱ्याला तो ग्रंथ कळेना आणि खाण अभियंत्याला लॅटिन येईना!

विसाव्या शतकाच्या आरंभी हर्बर्ट हूवर हे अमेरिकन खाण अभियंते आणि त्यांच्या पत्नी लू हेन्री हूवर लंडनला राहत होते. खाणकाम, धातुशास्त्र आणि रसायन यांवरील जुने ग्रंथ जमविण्याचा दोघांना नाद होता. लू हूवर यांनी विद्यापीठात भूशास्त्राची पदवी घेतली होती आणि त्यांना लॅटिनही येत असे. नवराबायकोंनी मिळून सुमारे पाच वर्षे हा ग्रंथ सोडविला. एखाद्या शब्दाचा अर्थ लागेना तर त्या कृतीतून कोणता पदार्थ निर्माण होईल याचा रासायनिक विचार करावयाचा, जरूर तर प्रयोग करून पाहावयाचा आणि मग शब्द निश्चित करावयाचा. १९१२ साली त्यांचे इंग्रजी भाषांतर सविस्तर टीपांसह प्रसिद्ध झाले. १९५० साली त्याचे स्वस्त पुनर्मुद्रण निघाले आणि साडेतीनशेहून अधिक वर्षे बहुतेकांना बंद असलेला ग्रंथ कोणाही विद्यार्थ्याला वाचता येऊ लागला. हेच हर्बर्ट हूवर १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेचे अध्यक्ष होते. त्यांचा ग्रंथसंग्रह आता कॅलिफोर्नियातील क्लेअरमाँट येथील महाविद्यालयांकडे आहे.

खरा संग्राहक पुस्तक कुलपात ठेवून थांबत नाही. ते दुसऱ्यांच्या उपयोगी पडेल असे करतो, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिले.

आपल्या भाषेतील ठेवा

मराठीतही असा ठेवा आहे. कोकणातील मुरूड येथे १८५३ साली जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक होते. मुलांसाठी आणि सामान्य वाचकांसाठी त्यांनी ‘ज्योतिर्विलास’सारखी सोपी पुस्तके लिहिली. पण त्यांचे मोठे काम म्हणजे १८९६ साली पुण्यात प्रसिद्ध झालेला ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ. वेदकाळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या आपल्या खगोलगणिताचा इतिहास त्यात आहे. त्यासाठी त्यांनी अनेक संस्कृत पोथ्या धुंडाळल्या, पंचांगे ताडून पाहिली, स्वतः गणित केले. दोनच वर्षांनी, १८९८ साली, ते वारले.

या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली ती १९३१ साली. इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग १९६९ साली आणि दुसरा १९८१ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकांना तो पुरा वाचता येण्यास ८५ वर्षे लागली! एवढ्या काळात तो टिकला कशावर? ग्रंथालयांनी आणि जाणत्या वाचकांनी सांभाळून ठेवलेल्या प्रतींवर. ज्यांच्या प्रती कोणी सांभाळल्या नाहीत अशा पुस्तकांची नावे तर आज आपल्याला ठाऊकही नसतील.

चुकीची झालेली पुस्तके कशाला ठेवावयाची?

एखादा विद्यार्थी विचारील, “विज्ञान तर पुढे जाते. जुन्या पुस्तकांत चुका असतात. मग ती वाचून काय लाभ?”

याचे उत्तर तुमच्या घरातच मिळेल. आजोबांचे, आईबाबांचे आणि तुमचे भूगोलाचे किंवा विज्ञानाचे पुस्तक शेजारी शेजारी ठेवा. १९३० पूर्वीच्या पुस्तकात ग्रह आठ. त्या साली प्लूटोचा शोध लागल्यावर ते नऊ झाले आणि २००६ साली खगोलशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेने ग्रहाची व्याख्या ठरविल्यावर पुन्हा आठ! एकच पुस्तक वाचणाऱ्याला विज्ञान म्हणजे ठाम उत्तरांची यादी वाटते. तीन पिढ्यांची पुस्तके पाहणाऱ्याला कळते, की उत्तर बदलले ते नव्या पुराव्यामुळे, आणि उद्याही ते बदलू शकेल.

जुने अंकगणित पाहा. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून सुरू झाली. त्यापूर्वीच्या पुस्तकांत रुपये, आणे, पै यांची आणि मण, शेर, छटाक यांची उदाहरणे सापडतील. मुलांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, इतकेच नव्हे तर साडेतीनची औटकीही पाठ करावी लागे. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे बारा पै अशा हिशेबात अपूर्णांक तोंडी असणे का जरूर होते, हे ते पुस्तक हाती घेतल्यावर चटकन समजते.

पुस्तकाचे वय कसे ओळखावे?

जुन्या पुस्तकांचे पहिले पान बहुधा फाटलेले असते. प्रकाशनाचे साल सापडत नाही. अशा वेळी थोडी हेरगिरी करावी लागते.

पुस्तकात साल शकात दिले असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८१८ म्हणजे इ. स. १८९६. मात्र शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखांना बहुधा ७९ मिळवावे लागतात. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुतेक १९५७ पूर्वीचे. पत्त्यात ‘मुंबई इलाखा’ असेल तर ते इंग्रजी अमलातले आणि ‘महाराष्ट्र राज्य’ असेल तर १ मे १९६० नंतरचे. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. लेखनावरूनही अंदाज येतो. ‘करणें’, ‘पुस्तकें’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार सर्वत्र दिसले, तर पुस्तक बहुधा १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे. अक्षरे हाताने लिहिल्यासारखी वळणदार आणि ओळी किंचित वरखाली असतील, तर ते शिळाछापावर छापलेले असू शकेल. खिळे जुळवून छापलेल्या जुन्या पुस्तकाच्या पानावर मागच्या बाजूने बोट फिरविले तर अक्षरांचा किंचित उठाव जाणवतो.

मात्र एका खुणेवर विसंबू नका. दोन-तीन खुणा जुळल्या तरच निष्कर्ष काढा. तज्ज्ञसुद्धा कसे फसतात पाहा. गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिलेल्या चंद्राचे वर्णन करणारे ‘सायडेरियस नुन्सियस’ हे पुस्तक १६१० साली व्हेनिस येथे ५५० प्रतींत छापले गेले. २००५ साली न्यूयॉर्कमधील एका ग्रंथविक्रेत्याकडे त्याची एक अपूर्व प्रत आली. तीत चंद्राची छापील चित्रे नव्हती, त्यांऐवजी हाताने रंगविलेली चित्रे होती. ती खुद्द गॅलिलिओने काढली असावीत, असा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला. पण निक वाइल्डिंग या इतिहासकाराला शंका आली. प्रतीवरील जुन्या ग्रंथालयाचा शिक्का अस्सल शिक्क्याशी जुळेना. छपाईतील बारीकसारीक खुणाही इतर प्रतींशी जुळेनात. २०१२ साली ती प्रत बनावट असल्याचे उघड झाले. मग त्याच तज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली कागदाची पुन्हा तपासणी केली, तेव्हा १६१० सालच्या कागदात असूच शकत नाहीत असे तंतू त्यात आढळले. बनावट करणारा होता नेपल्समधील एका ऐतिहासिक ग्रंथालयाचा संचालकच! त्या ग्रंथालयातील पुस्तके चोरल्याबद्दलही त्याला शिक्षा झाली. हे कारस्थान उघडकीस आले ते अस्सल प्रती इतरत्र जपलेल्या होत्या म्हणूनच. त्या नसत्या तर तुलना कशाशी करणार?

कागद का मरतो?

आता एक कोडे. चारशे वर्षांपूर्वीचे पुस्तक पांढरे आणि मऊ, तर शंभर वर्षांपूर्वीचे पिवळे आणि पापडासारखे ठिसूळ. असे का?

युरोपात अठराव्या शतकापर्यंत कागद सुती आणि तागाच्या चिंध्यांपासून बनत असे. त्याचे तंतू लांब आणि चिवट. शाई पसरू नये म्हणून त्याला जिलेटिनची खळ देत. एकोणिसाव्या शतकात कागदाची मागणी वाढली, चिंध्या पुरेनात, आणि लाकडाच्या लगद्यापासून स्वस्त कागद बनू लागला. खळही बदलली. राळ आणि कागद गिरण्यांत ‘तुरटी’ म्हणून ओळखले जाणारे अ‍ॅल्युमिनियम सल्फेट वापरात आले. या क्षाराची हवेतील ओलाव्याशी क्रिया झाली की हळूहळू सल्फ्युरिक आम्ल तयार होते.

कागदाचा तंतू सेल्युलोजचा असतो. सेल्युलोजचा रेणू म्हणजे ग्लुकोजचे हजारो दुवे जोडून झालेली साखळी. आम्लाच्या सान्निध्यात पाण्याचा रेणू या साखळीचा एखादा दुवा तोडतो. आम्ल या क्रियेत खर्च होत नाही. ते नुसते घडवून आणते आणि पुढच्या दुव्यापाशी पुन्हा हजर! साखळ्या आखूड होत गेल्या की तंतूंची ताकद जाते आणि पान दुमडताच तुटते. लाकडातील लिग्निन हा पदार्थ प्रकाशात पिवळा पडतो, तो वेगळाच. उष्णता आणि ओलावा यांनी हे सारे वेगाने होते. अमेरिकेतील विल्यम बॅरो यांनी १९५० च्या दशकात, १९०० ते १९४९ या काळात छापलेल्या ५०० पुस्तकांचा कागद तपासला, तेव्हा त्यांतील बहुसंख्य पुस्तके फार वर्षे टिकणार नाहीत असे दिसून आले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुष्कळ कारखाने खळीतले आम्ल टाळून कागदात कॅल्शियम कार्बोनेट घालू लागले. ते अल्कधर्मी असल्याने आम्लाला मारते आणि कागद जास्त टिकतो.

एक सोपा प्रयोग करा. वर्तमानपत्राच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. एक उन्हाच्या खिडकीत ठेवा, दुसरी पेटीत बंद करा. तीन आठवड्यांनी दोन्हींचा रंग ताडून पाहा. उन्हातील पुस्तकाचे काय होते, ते वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडे भर पडते ती पावसाळ्याची. कोकणात जुलै महिन्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. सुमारे ६५-७० टक्क्यांपुढे बुरशी वाढू लागते. कसर खळीवर ताव मारते आणि वाळवी तर कागदच फस्त करते. म्हणून पुस्तके भिंतीला चिकटवून ठेवू नयेत. मागे हवा खेळण्यास जागा सोडावी. पावसाळा संपताच ती कपाटातून काढावी, झटकावी आणि सावलीत वारा द्यावा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधी लावू नये. तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन पानात मुरतो आणि मग निघत नाही.

तुमचे एक फळीचे ग्रंथालय

संग्रह करण्यास पैसे लागतात हा समज चुकीचा आहे. लागते ती एक निश्चित दिशा. दिसेल ते जुने पुस्तक गोळा करणे म्हणजे दुसरी रद्दी जमविणे! एकच विषय घ्या. शाळेची विज्ञानाची पुस्तके, रेडिओ दुरुस्तीची पुस्तके, शेतीच्या अवजारांची माहितीपत्रके, पंचांगे किंवा गावच्या पिठाच्या गिरणीतल्या जुन्या इंजिनाची पुस्तिका. इंजिनाचा जुना जाणकार मिस्त्री आणि पुस्तिका दोन्ही गेली, तर ते इंजिन कसे उलगडावे हे सांगणारे कोणी उरत नाही.

प्रत्येक पुस्तकासाठी एक कार्ड करा. त्यावर नाव, लेखक, छापखाना, गाव, साल, आवृत्ती, पाने किती आणि कोणती गहाळ आहेत, पुस्तक कोठून मिळाले आणि पूर्वी कोणाचे होते हे लिहा. ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांतील फरक ध्यानात ठेवा. नव्या आवृत्तीत मजकूर बदललेला असतो, पुनर्मुद्रणात तो तसाच असतो. पुस्तकाच्या पानांवर स्वतः काही लिहिणे झाल्यास शिसपेन्सिलीने आणि थोडे. जुन्या मालकाच्या खुणा मात्र कदापि खोडू नका. ग्रंथालयाचा शिक्का असलेले आणि ‘रद्द’ असा शेरा नसलेले पुस्तक विकत घेऊ नका, ते त्या ग्रंथालयाला परत करा. गिंगरिच यांच्या नोंदींमुळे चोरीला गेलेल्या काही प्रती ओळखता आल्या, हेही लक्षात असू द्या.

जुन्या पुस्तकांची छायाचित्रे काढून संगणकावर ठेवण्याचे काम आता जगभर चालू आहे आणि ते फार मोलाचे आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटली की त्याचा ग्रंथ कोणालाही छापता येतो. तेव्हा दीक्षितांचे पुस्तक पुन्हा छापण्यास किंवा संगणकावर ठेवण्यास अडचण नाही. परंतु छायाचित्रे घाईने काढली तर घडीचे नकाशे उलगडायचे राहतात, समास कापले जातात, कोऱ्या पानांवरच्या नोंदी वगळल्या जातात. यंत्रांच्या पुस्तकात घडीचा नकाशाच तर मुख्य! म्हणून चित्र घेतले तरी प्रत फेकू नये आणि प्रत असली तरी चित्र घेण्याचा कंटाळा करू नये.

शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या ग्रंथालयात मागच्या कपाटात बंद असलेली पुस्तके निकालात काढण्यापूर्वी मुलांकडून त्यांची अशी कार्डे करवून घ्यावीत. एका वर्गाला दोन शनिवार पुरतील. त्यातून एखादे तरी पुस्तक असे निघेल, की जे जवळच्या मोठ्या ग्रंथालयाच्या यादीत नाही. ते त्यांना कळवावे.

या सुट्टीत रद्दीवाला दारात येईल तेव्हा पुस्तके तराजूत टाकण्यापूर्वी प्रत्येकाचे पहिले पान आणि समास एकदा पाहून घ्या.